मनाची विचारपूस

मानसशास्त्राचा अभ्यासक कोणाच्या दारीं जातो तेव्हां त्याच्या पिशवींत दोन कागद असतात : एक प्रश्नावली आणि दुसरें संमतिपत्र. पहिल्या कागदानें तो शास्त्रज्ञ ठरतो आणि दुसऱ्यानें सज्जन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विद्यापीठांतहि हे दोन विषय निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. संशोधनाच्या पद्धति एका तासाला, संशोधनाची नीति दुसऱ्या तासाला. ही वांटणी शिकविणाऱ्याच्या सोयीची असेल, पण खरी नाहीं, असें मला वाटतें. तें कां वाटतें हें सांगण्यासाठीं आज मी तुम्हांला डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत घेऊन जाणार आहे.

मुंबईकरांना हा मुलूख आगगाडीच्या खिडकींतून परिचयाचा आहे. डहाणू रोड, घोलवड, बोर्डीचा किनारा आणि चिकूच्या वाड्या एवढें पाहिलें कीं आपण डहाणू पाहिलें असें समजतों. रुळांच्या पूर्वेस मात्र जमीन चढत जाते आणि वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी यांचे पाडे लागतात. तलासरींत तर दर दहा माणसांमागें सुमारें नऊ आदिवासी आहेत. पूर्वीं हा भाग ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्यें या मुलखाखालची जमीन हलूं लागली. एक मोठा भूकंप व्हावा आणि मग सर्व शांत व्हावें, असा तो प्रकार नव्हता. धुंदलवाडीच्या आसपास लहान लहान हादरे बसत, आणि तेहि आठवड्यामागून आठवडे. १ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशीं अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशीं एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. लोक रात्रीं घराबाहेर निजूं लागले. तंबू आले, अधिकारी आले, भूगर्भशास्त्रज्ञ आले आणि त्यांनीं आपलीं यंत्रें बसविलीं.

भूगर्भशास्त्रज्ञाचें एक सुख असें कीं, आपलें मोजमाप चाललें आहे हें जमिनीला कळत नाहीं. यंत्र कोणी बसविलें, त्याच्या अंगांत पोषाख कोणता, तो कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेंत बोलतो, यावर हादऱ्याची तीव्रता अवलंबून नसते. मनाचें तसें नाहीं. ज्याला प्रश्न विचारावयाचा तो विचारणाऱ्याकडे पाहतो, आणि उत्तर देण्यापूर्वीं त्याचीच परीक्षा करून मोकळा होतो.

समजा, त्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयांतला पदवीचा विद्यार्थी तलासरींतील एका पाड्यावर गेला. मुलगा हुशार आहे, मनानें चांगला आहे, आणि परीक्षेसाठीं त्याला प्रबंध लिहावयाचा आहे. तो ओट्यावर बसतो, समोरच्या बाईला ‘मावशी’ म्हणतो आणि कागद पाहून विचारतो, “मावशी, भूकंपाची भीति वाटते का?” ती म्हणते, “वाटते.” शेजारच्या घरीं विचारतो, तेथेंहि “वाटते.” चाळीस घरें हिंडून तो मुंबईस परततो आणि लिहितो कीं शेंकडा शंभर लोक भयग्रस्त आहेत.

त्यानें काय मोजलें? कदाचित् भीति मोजली असेल. कदाचित् पाहुण्याच्या तोंडावर ‘नाहीं’ म्हणूं नये ही रीत मोजली असेल. कदाचित् हातांत कागद असलेला माणूस सरकारचाच, आणि ‘वाटते’ म्हटल्यानें घरावर चार पत्रे पडतील, ही आशा मोजली असेल. आणि कदाचित् ‘हो’ म्हटलें कीं हा लवकर जातो, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव मोजला असेल. या चारांतलें कोणतें किती, हें त्या चाळीस कागदांवरून ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं.

आतां याच विद्यार्थ्याचा दुसरा कागद पाहा. प्रश्न विचारण्यापूर्वीं त्यानें संमतिपत्र वाचून दाखविलें होतें : या अभ्यासांत भाग घेणें तुमच्या खुशीवर आहे, केव्हांहि थांबतां येईल, नाहीं म्हटल्यास कोणतेंहि नुकसान नाहीं. मग शाईची डबी पुढें केली आणि चाळीसहि घरांत अंगठे उठले. ज्या कारणांनीं प्रश्नाला ‘हो’ मिळालें त्याच कारणांनीं संमतीलाहि ‘हो’ मिळालें. संमति जर खुशीची नसेल तर उत्तरहि खुशीचें नसतें. आणि जें उत्तर खुशीचें नाहीं तें शास्त्राच्या कामाचें नाहीं. नीतीचा दोष आणि पद्धतीचा दोष हे येथें एकाच जागीं आहेत.

अंगठ्याविषयीं थोडें बोललें पाहिजे, कारण या मुलखांत त्याला इतिहास आहे. वारल्याला लग्नासाठीं पैसे लागत आणि ते जमीनदाराकडून घ्यावे लागत. रक्कम शहरी माणसाला क्षुल्लक वाटावी अशी असे. परंतु तिच्या फेडीसाठीं नवरा आणि बायको दोघेंहि जमीनदाराच्या घरीं व शेतावर राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्जाचा हिशेब ज्या वहींत असे ती वही वाचतां येणारा एकच माणूस असे, आणि तो घेणेकरी. फिटलें किती आणि राहिलें किती, हें राबणाऱ्याला कधीं कळत नसे. गडीपण वर्षानुवर्षें चाले. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सायमिंग्टन यांनीं १९३८ सालच्या आपल्या अहवालांत या गुलामीची नोंद केली आहे, आणि गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकांत तिचें सविस्तर वर्णन आहे. ज्या घराण्यांनीं हें भोगलें त्यांच्या नातवंडांपुढें आपण संशोधनाच्या नांवाखालीं पुन्हां कागद आणि शाई ठेवतों. आपला हेतु शुद्ध आहे हें आपल्याला ठाऊक असतें. त्यांना तें कोठून ठाऊक असावें?

याच मुलखानें ‘नाहीं’ म्हणूनहि दाखविलें आहे, हेंहि विसरतां कामा नये. २३ मे १९४५ रोजीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं वारल्यांची मोठी सभा भरली, आणि वेठबिगार व लग्नगडीपण यापुढें करावयाचें नाहीं असें ठरलें. जो माणूस एकटा असतांना मालकापुढें मान वर करीत नव्हता, तो हजारोंच्या मेळाव्यांत ‘नाहीं’ म्हणाला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला यांत धडा आहे. प्रत्येकाला एकेकटें गांठून अंगठा घेणें ही आपल्या दृष्टीनें व्यक्तिस्वातंत्र्याची कदर असेल. परंतु जेथें नकाराचें बळ चारचौघांत येतें तेथें आधीं चारचौघांतच गोष्ट निघाली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालीं काढलेल्या नीतिनियमांत ही जाणीव दिसते. आदिवासी भागांत शिरण्यापूर्वीं तेथील मान्य व्यक्तींची परवानगी घ्यावी, बोली जाणणाऱ्या माणसासमक्ष व साक्षीदारासमक्ष संमति घ्यावी, आणि गांवच्या प्रमुखानें होकार दिला तरी प्रत्येकाची स्वतःची संमति निराळी घ्यावी, असें त्यांत आहे. या शेवटच्या अटीचें महत्त्व मोठें आहे. गांवानें हो म्हटल्यावर ज्या सुनेला नाहीं म्हणावयाचें आहे, तिला तें म्हणण्यासाठीं एक आडोसा लागतो.

हा अशिक्षितांचा प्रश्न आहे, आपल्यासारख्या शिकलेल्यांचा नाहीं, असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील येल विद्यापीठांत १९६१ सालीं स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनीं केलेला प्रयोग आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकला असेल. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन माणसें बोलाविलीं. येण्याबद्दल प्रत्येकाला चार डॉलर आणि गाडीभाडें दिलें, आणि पुढें कांहींहि झालें तरी हे पैसे तुमचेच, असें आधींच सांगितलें. मग एका यंत्रापुढें बसवून, पलीकडच्या खोलींतील मनुष्य चुकला कीं त्याला विजेचा धक्का द्यावयाचा आणि दर चुकीला धक्का वाढवीत जावयाचें, असें काम दिलें. धक्के खोटे होते. पण देणाऱ्याला तें ठाऊक नव्हतें. झगा घातलेला एक प्रयोगकर्ता शांतपणें ‘पुढें चला’ म्हणत राही. चाळीस जणांपैकीं सव्वीस जण शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या खुंटीपर्यंत गेले. त्यांतले कित्येक घामाघूम झाले होते आणि थांबावें कीं काय असें पुन्हां पुन्हां विचारीत होते. उठून जाण्यास त्यांना कोणाचीच बंदी नव्हती, आणि पैसेहि जाणार नव्हते.

या प्रयोगावर पुढें फार टीका झाली. माणसांना फसवून इतक्या यातनेंत लोटण्याचा अधिकार शास्त्रज्ञाला कोणी दिला, असा प्रश्न १९६४ सालीं डायना बॉमरिंड यांनीं विचारला, आणि तो रास्तच होता. गंमत अशी कीं, मिल्ग्रॅम यांना जें आढळलें तेंच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतें. विद्वान मनुष्य ‘पुढें चला’ म्हणाला कीं स्वतंत्र देशांतल्या, खिशांत पैसे असलेल्या नागरिकालाहि उठून जाववत नाहीं. मग प्रयोगाला आलेल्या कोणाचीहि संमति कितपत खरी मानावी? आणि येल विद्यापीठांत हें होत असेल तर तलासरींत ‘केव्हांहि थांबतां येईल’ हें वाक्य एकदां वाचून दाखविल्यानें काय होणार? थांबण्याची वाट प्रत्यक्ष दाखवावी लागते. मध्येंच उठून गुरें बांधावयास जाणाऱ्याला हंसत निरोप द्यावा लागतो, म्हणजे शेजारचीं घरें तें पाहतात.

आतां प्रश्नावलीकडे वळूं. प्रश्न कोणाच्या जगांतून निघाला आहे हें पाहिल्यावांचून उत्तराला किंमत नाहीं, आणि बुद्धिमापनाच्या इतिहासांत याचीं उदाहरणें हवीं तेवढीं आहेत. फ्रान्समध्यें बिने आणि सिमों यांनीं १९०५ सालीं पहिली कसोटी केली ती पॅरिसच्या शाळांतील कोणत्या मुलांना अधिक साहाय्य लागेल हें ओळखण्यासाठीं. तीच कसोटी अमेरिकेंत जाऊन काय झाली तें पाहा. १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरणाऱ्या परदेशी लोकांवर गॉडर्ड यांनीं ती लावली आणि कित्येक देशांच्या लोकांत पांचांपैकीं चार मंदबुद्धि, असा निष्कर्ष काढला. आगबोटींतून नुकताच उतरलेला, थकलेला, दुभाष्याकडे पाहत राहिलेला माणूस मंद दिसणार नाहीं तर काय!

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडास बिनेची कसोटी कानडी व मराठी मुलांसाठीं नव्यानें बसविली आणि १९४० मध्यें त्यावर पुस्तक लिहिलें. हें काम मोलाचें होतें, कारण परक्या देशाची कसोटी भाषांतर करून तशीच वापरतां येत नाहीं, तिची येथील मुलांवर पुन्हां पारख करावी लागते, हें तत्त्व त्यांत मान्य केलें होतें. परंतु धारवाडच्या शाळेंतील मुलगा आणि कोसबादच्या टेकडीखालचा मुलगा यांत जें अंतर आहे तें भाषेपुरतें नाहीं. टर्मन यांच्या १९१६ सालच्या आवृत्तींत लहान मुलांना विचारावयाचा एक प्रश्न असा होता : कोठें जावयास निघालास आणि गाडी चुकली तर काय करशील? आपल्या घरचा मुलगा म्हणेल, दुसऱ्या गाडीची वाट पाहीन. ज्या पाड्यावर गाडी येतच नाहीं तेथला मुलगा म्हणेल, चालत जाईन. दोघेंहि आपापल्या जगांत शहाणेच. गुण कोणाला किती द्यावयाचे, हें मात्र पेन्सिल हातांत असलेला ठरवितो.

रशियांतील मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनीं १९३१ व १९३२ सालीं उझबेकिस्तानांतील निरक्षर शेतकऱ्यांना विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. उत्तरेकडे जेथें बर्फ असतें तेथें सर्व अस्वलें पांढरीं असतात; नोवाया झेम्ल्या उत्तरेस आहे; तर तेथलीं अस्वलें कोणत्या रंगाचीं? एक शेतकरी म्हणाला कीं, मीं काळें अस्वल पाहिलें आहे, दुसरें पाहिलें नाहीं. ज्याच्या त्याच्या मुलखांत ज्याचे त्याचे प्राणी. हा तर्कशक्तीचा अभाव मानावयाचा, कीं न पाहिलेल्या गोष्टीविषयीं साक्ष न देण्याचा प्रामाणिकपणा मानावयाचा? लायबेरियांतील क्पेले लोकांची गोष्ट याहून मजेची आहे. त्यांच्यापुढें कांहीं वस्तु ठेवून, एका जातीच्या एकत्र लावा, असें सांगितलें. त्यांनीं सुरी फळाशीं लावली, कारण सुरीनें फळ कापतात. शहाणा माणूस असेंच लावील, असेंहि वर सांगितलें. संशोधक कंटाळून म्हणाला, बरें, मूर्ख माणूस कसें लावील? तेव्हां त्यांनीं चटकन् हत्यारें एकीकडे आणि खाण्याचे पदार्थ एकीकडे लावून दाखविले, म्हणजे संशोधकाला हवें होतें अगदीं तसें. हा दुसरा प्रश्न सुचला नसता तर एका सबंध समाजाला वर्गीकरण येत नाहीं, असें ग्रंथांतरीं लागलें असतें.

डहाणू तालुक्याच्या मातींत याच प्रश्नाचें एक निराळें उत्तर शोधलें गेलें, आणि तें प्रयोगशाळेंत शोधलें गेलें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास माँटेसरीच्या पद्धतीवर बालशिक्षणाचें काम केलें होतें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि पुढें दादरला त्यांचें शिशुविहार चाललें. माँटेसरीच्या पद्धतीचा पाया निरीक्षणाचा आहे. मुलाला काय येत नाहीं हें विचारीत बसूं नये, तें आपण होऊन काय करतें हें पाहावें. परंतु त्या पद्धतीचीं साधनें महाग, आणि शाळेंत येणारीं मुलें सुखवस्तु घरांतलीं. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण गरीब वस्तींतलीं मुलें तेथें येईनात. या ठिकाणीं दुसऱ्या कोणी निष्कर्ष लिहून टाकला असता कीं या समाजांत शिक्षणाची आवड नाहीं. ताराबाईंनीं मुलांत दोष न शोधतां बालवाडींत शोधला. मूल शाळेच्या दारांत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, असें ठरवून त्यांनीं वस्तींतच, घरांपुढच्या मोकळ्या जागेंत वर्ग भरविला. ती अंगणवाडी. पुढें १९७५ सालीं भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. माँटेसरीचीं लांकडी साधनें परवडेनात, तेव्हां बिया, पानें, शिंपले, खडे यांचीं साधनें झालीं. मोजणें, रंग ओळखणें, लहानमोठें लावणें हें सगळें त्यांवर होऊं शकत होतें, आणि मुख्य म्हणजे त्या वस्तु मुलाच्या ओळखीच्या होत्या. १९५७ सालीं हें काम कोसबादच्या टेकडीवर गेलें. तेथें आदिवासी मुलें शाळेंत येत नव्हतीं, कारण कोणाच्या कडेवर लहान भावंड असे तर कोणाच्या मागें गुरें. म्हणून भावंडासाठीं पाळणाघर शाळेलाच जोडलें, आणि गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढली, म्हणजे गुरें जेथें चरतात तेथेंच शिक्षक गेला.

हें शिक्षणाचें काम आहे, संशोधनाचें नव्हे, असा आक्षेप येईल. मी तो मान्य करीत नाहीं. मूल गैरहजर कां, याविषयीं एक तर्क करावयाचा, परिस्थिति एका बाबतींत बदलावयाची आणि काय होतें तें पाहावयाचें, यालाच प्रयोग म्हणतात. त्याच्या नोंदी आंकड्यांत कमी आणि लेखांत अधिक आहेत, हा त्याचा उणेपणा मात्र खरा. दोन गट करून तुलना केली असती तर कोणत्या बदलानें किती फरक पडला हें आज आपल्याला अधिक नेमकें सांगतां आलें असतें. पण एक गोष्ट त्या प्रयोगांत अशी होती कीं जी आपल्या विद्यार्थ्याच्या चाळीस कागदांत नव्हती. बाईंचें वागणें आवडलें नाहीं तर मूल दुसऱ्या दिवशीं येत नसे. संमति रोज मागावी लागे आणि नकार रोज देतां येई; पायांनीं देतां येई, अंगठ्याची गरज नव्हती. अनुताई १९९२ सालीं वारल्या. तोंवर जवळ जवळ सत्तेचाळीस वर्षें त्यांची ही परीक्षा त्या मुलुखांत चालली होती.

पुन्हां भूकंपाकडे येऊं. इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग या लोकांना प्रश्न विचारूंच नयेत. त्यांना त्यांच्या दुःखांत शांत राहूं द्यावें. हेंहि बरोबर नाहीं. विचारलें नाहीं तर साहाय्य शहरी कल्पनेप्रमाणें जाईल, आणि सदिच्छेनें केलेलें साहाय्य अपाय करणार नाहीं अशी खात्री कोणीं दिली आहे? १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत एक पद्धति फार लोकप्रिय झाली. अपघातांतून वांचलेल्या माणसाला लगेच एका बैठकींत बसवावयाचें, घडलेलें सर्व बोलून दाखवावयास लावावयाचें, म्हणजे मन हलकें होतें. ऐकावयास किती सयुक्तिक वाटतें! १९९७ सालीं वेल्समध्यें भाजलेल्या रुग्णांवर तिची परीक्षा झाली. तेरा महिन्यांनंतर ज्यांची अशी बैठक घेतली त्यांच्यांत शेंकडा २६ जणांना आघातजन्य मनोविकार आढळला. ज्यांना तसेंच सोडलें त्यांच्यांत शेंकडा ९ जणांना. दोन्ही गट आरंभीं अगदीं सारखे नव्हते, म्हणून त्या बैठकींनींच अपाय केला असें ठाम म्हणतां येत नाहीं. उपाय झाला नाहीं एवढें मात्र दिसलें. पुढच्या पाहण्यांतूनहि या पद्धतीला आधार मिळाला नाहीं, आणि आतां जागतिक आरोग्य संघटना तिच्याऐवजीं साध्या गोष्टी सांगते : माणूस सुरक्षित आहे ना तें पाहा, तो बोलेल तेवढें ऐका, आणि त्याला हवी ती मदत जोडून द्या. तुलनेचा गट नसता तर ती बैठक आजहि पुण्यकर्म म्हणून पाड्यापाड्यांवर झाली असती.

तेव्हां विचारावें, पण कसें? झोंप लागत नाहीं, असें तंबूंतली बाई सांगते. हें मनोविकाराचें लक्षण लिहिण्यापूर्वीं माघ महिन्याच्या थंडींत उघड्यावर निजणाऱ्या कोणाला झोंप लागते, हें पाहावें. हादरे न बसलेल्या दूरच्या पाड्यांवरहि तोच प्रश्न विचारला म्हणजे थंडीचा वांटा किती, दारिद्र्याचा किती आणि भूकंपाचा किती, हें थोडें तरी वेगळें होईल. घरें मोजतांना घरांत कोण आहे हेंहि पाहावें. पावसाळा संपला कीं या भागांतलीं पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात; फेब्रुवारींत जो घरीं भेटतो तो सबंध पाड्याचा प्रतिनिधि नव्हे. प्रश्न वारली बोलींत, तेथल्याच माणसाच्या तोंडून जावे. ‘भीति वाटते का’ याऐवजीं ‘काल रात्रीं काय केलेंत’ असें विचारावें. वागण्याविषयींच्या प्रश्नाला ‘हो’ एवढ्यावर भागत नाहीं. मुलांना विचारावयाचें तर आईबापांची संमति पुरत नाहीं. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःचीहि अनुमति लागते, आणि तीं धुळींत रेघा ओढीत गप्प बसलीं तर तो नकार समजावा.

आणखी एक गोष्ट शहरांतल्या माणसाच्या लक्षांत येत नाहीं. प्रबंधांत नांव गाळलें म्हणजे गुप्तता पाळली, असें आपण समजतों. तीस घरांच्या पाड्यांत ‘तीन मुलांची एक विधवा, जिला रात्रीं मुलगी आठवून रडूं येतें’ असें छापलें तर नांवाची गरज कोणाला उरते? मुंबईला जी माहिती निनांवी असते ती पाड्यावर पत्त्यासकट असते. असें वाक्य कितीहि हृदयद्रावक असलें तरी तें गाळावें. विद्यार्थ्यांना याचेंच सर्वांत वाईट वाटतें, कारण प्रबंधांतलें तेंच वाक्य चांगलें उतरलेलें असतें. शिवाय जो रात्रीच्या भयाविषयीं विचारतो त्यानें, उत्तर रडत आलें तर या माणसाला पुढें कोणाकडे न्यावयाचें, हें आधीं ठरवून जावें. १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची फुकट मानसिक सल्ल्याची सोय आहे. परंतु नुसता क्रमांक देऊन येणें पुरेसें नाहीं. डोंगराआड फोन लागतो कीं नाहीं तेंहि स्वतः लावून पाहावें, आणि जवळच्या आरोग्यकेंद्रांत कोण भेटतें त्याचा तपास करून ठेवावा.

एक लहानसा नियम सांगावयाचा राहिला. संमतिपत्राची एक प्रत ज्यानें अंगठा दिला त्याला द्यावयाची असते. घाईंत ती पुष्कळदां दिली जात नाहीं. वाचतां येत नाहीं त्याला कागद कशाला, असें संशोधकाला वाटतें. सावकाराची वही सावकाराच्याच घरीं राहत असे. हा कागद मात्र ओट्यावर ठेवून यावयाचा आहे. त्या घरांतली पांचवींत गेलेली मुलगी संध्याकाळीं तो मोठ्यानें वाचील, आणि आपली आजी कशाला हो म्हणाली तें तिला आणि आजीला दोघींना कळेल. आजीचा विचार बदलला तर कोठें कळवावयाचें, तेंहि त्यावर खालीं लिहिलेलें असतें.